जंगलातल्या गावांसाठी सौर दुहेरी पंप : एका अभियंत्याने केलेले परीक्षण

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांत पाणीपुरवठ्याची कामे करताना ज्या साधनाशी माझा सर्वांत जास्त संबंध आला, त्या सौर दुहेरी पंपाविषयी हे परीक्षण आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने रूढ केलेल्या या योजनेत 150 मिलिमीटर व्यासाच्या एकाच विंधन विहिरीत नेहमीचा हातपंप आणि एक अश्वशक्तीचा पाणबुडी पंप असे दोन्ही बसवले जातात. लोखंडी मनोऱ्यावर 5000 लिटरची प्लास्टिकची टाकी असते, पंपाला सौर पॅनेलमधून वीज मिळते आणि टाकीतले पाणी वस्तीतल्या नळकोंडाळ्यांपर्यंत पोहोचते. मैदानी मुलखात याहून मोठ्या आणि स्वस्त पडणाऱ्या योजना करता येतात, हे मला मान्य आहे. मात्र ज्या भागात बांधकामाचे प्रत्येक यंत्र कोणाच्या तरी नजरेत असते, तिथे साधनाची परीक्षा वेगळ्या निकषांवर करावी लागते.

त्यातला पहिला निकष म्हणजे काम उघड्यावर किती दिवस चालते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, त्यामुळे कामाचा हंगाम नोव्हेंबर ते मे एवढाच उरतो. नेमक्या त्याच हंगामात 2 ते 8 डिसेंबरचा नक्षल सप्ताह येतो आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत माओवाद्यांच्या हालचाली आजवर सर्वाधिक राहिल्या आहेत. कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे 1 मे 2019 च्या पहाटे रस्त्याच्या कामावरची वाहने व यंत्रे जाळण्यात आली आणि तिकडे निघालेल्या शीघ्र कृती पथकाच्या वाहनाखाली जांभुळखेड्याजवळ स्फोट घडवण्यात आला. त्यात 15 पोलीस आणि वाहनचालक मारले गेले. रस्त्याच्या कामाला रोलर, टिप्पर आणि मिक्सर महिनोन्‌महिने जागेवर लागतात, रात्री ते पोलीस मदत केंद्राच्या आवारात आणून उभे करावे लागतात, आणि त्या ये-जा करण्यातच दिवसाचा मोठा भाग संपतो. दुहेरी पंपाच्या कामात बोअरची गाडी एका दिवसात छिद्र पाडून निघून जाते. मनोऱ्याचे अँगल, टाकी आणि पॅनेल ट्रॅक्टरवर येतात आणि पुढची जोडणी थोड्या दिवसांत पुरी होते. किमती यंत्र जागेवर मुक्कामाला राहत नाही, हा गुण उत्पादकाच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो, पण माझ्या लेखी तोच पहिल्या क्रमांकाचा आहे.

दुसरा निकष गावाच्या संमतीचा आहे. डोंगरात मोजणीचे यंत्र तिपाईवर चढले की खाणीची मोजणी सुरू झाली अशी शंका माडिया आदिवासींच्या गावांत सहज येते, आणि सुरजागडच्या लोहखाणीवरून झालेला वाद पाहता ती शंका निराधार म्हणता येत नाही. रस्ता झाला की त्यावरून आधी पोलिसांची गाडी येईल की रुग्णवाहिका, यावरही गावात मतभेद असतात. पाण्याच्या बाबतीत असा पेच मला क्वचितच आढळला. तरीही ग्रामसभेपुढे माडिया भाषा जाणणारा माणूस सोबत घेऊन जाणे, जागा पाटलाने आणि विशेषतः पाणी भरणाऱ्या बायांनी दाखवणे, आणि ठराव हाती आल्याशिवाय खड्डाही न खणणे हा क्रम पाळावाच लागतो. जागा वनजमिनीत असेल तर वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) चा आधार मिळतो. पिण्याच्या पाण्यासारख्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडावी लागणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने वळती करता येते. दुहेरी पंपाला इतकी थोडी जागा लागते की बहुधा एकही झाड तोडावे लागत नाही.

झाडांवरून मात्र वेगळीच अडचण उद्भवते. बाया पाण्यासाठी जिथे थांबतात ती जागा मोहाच्या किंवा चिंचेच्या सावलीत असते, आणि पॅनेलला तर सावली अजिबात चालत नाही. एका कोपऱ्यावर फांदीची छाया पडली तरी संपूर्ण जोडणीची वीज घटते. मोह तोडण्याची गोष्ट कोणी काढू नये आणि काढली तर गावाने ऐकू नये, असे माझे मत आहे. पॅनेल मनोऱ्याच्या माथ्यावर, टाकीच्याही वर, दक्षिणेकडे साधारण 20 अंशांचा कल देऊन बसवल्यास हा प्रश्न बराचसा सुटतो. शिवाय टाकी सावलीत राहते आणि मे महिन्यातही पाणी उकळत्या चहासारखे लागत नाही.

पाण्याच्या प्रमाणाबाबत अपेक्षा नीट ठरवून घेतलेली बरी. जल जीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने एक भरलेली टाकी सुमारे 90 माणसांना पुरते. पाच-सहा टोल्यांत, म्हणजे छोट्या वस्त्यांत, विखुरलेल्या गावात वरच्या टोल्याला पाणी मिळते आणि खालचा टोला नाल्यातल्या झिऱ्यावरच राहतो, असे मी पाहिले आहे. टाकी दिवसातून दोनदा भरली पाहिजे हे कागदावर सोपे असले तरी या कठीण खडकात एप्रिलनंतर विहिरीचा झराच मंदावतो आणि तेव्हा पॅनेल वाढवून काहीही उपयोग होत नाही. पावसाळ्यात याच्या उलट, पाणी भरपूर आणि ऊन नाही, अशी स्थिती येते. तेव्हा हातपंपाचे मोल कळते. इंडिया मार्क 2 या हातपंपाच्या घडणीत जालना आणि सोलापूर येथे झालेल्या प्रयोगांचा वाटा होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याला ऊन लागत नाही, पंपाची वीज सांभाळणारा कंट्रोलर लागत नाही, आणि गावातला तरुण पाना हाती घेऊन त्याची साखळी बदलू शकतो. लोक आजही या संपूर्ण योजनेला बोरिंगच म्हणतात.

दोष सांगायचे तर सर्वांत मोठा दोष यंत्रात नसून विक्रीनंतरच्या सेवेत आहे. एका पुरवठादाराने कराराप्रमाणे पाच वर्षांची देखभाल स्वीकारली होती. पण कंट्रोलर बंद पडल्यावर त्याचा मेकॅनिक आलापल्लीच्या पुढे यायला तयार झाला नाही आणि संपूर्ण पावसाळा टाकी कोरडी राहिली. त्याची भीती मला समजते, मात्र ती निविदा भरतानाही त्याला असायला हवी होती. वीज पडून कंट्रोलर जळण्याचे प्रकार इथे नेहमीचे आहेत, कारण खडकाळ जमिनीत अर्थिंग नीट मिळत नाही आणि ठेकेदार तडित निवारकाच्या नावाखाली एक सळई उभी करून मोकळा होतो. एकाच छिद्रात दोन पाइप असल्याने पाणबुडी पंपाची केबल घासली जाते; हातपंप दुरुस्ती पथक पाइप वर काढते तेव्हा ती हमखास सोलते. प्लास्टिकच्या तोट्यांबद्दल न बोललेलेच बरे.

आता परिस्थिती पालटते आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपती या नावाने ओळखला जाणारा माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल 60 सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरण आला आणि पूर्वी जिथे ठेकेदार दर दुप्पट लावत असत, तिथेही निविदा भरल्या जातील अशी चिन्हे आहेत. रस्ता आणि वीजवाहिनी पोहोचलेल्या मोठ्या गावांत विहीर आणि मोठ्या टाकीची योजना करावी, तिथे दुहेरी पंपाचा आग्रह धरू नये. टोल्यांसाठी मात्र मी आजही हाच पंप निवडेन आणि करारात तीन अटी घालेन : एक जादा कंट्रोलर ग्रामपंचायतीच्या ताब्यात ठेवावा, केबलला आवरणनळी घालावी, आणि गावातल्या दोन जणांना, त्यांतली एक बाई असावी, पॅनेल धुण्यापासून फ्यूज बदलण्यापर्यंतचे काम त्यांच्या भाषेत शिकवून झाल्याशिवाय अंतिम देयक देऊ नये.