पाटणादेवीजवळचं आकाशदर्शन: पैसे वसूल, पण तो हॅलोजन बंद करा राव

चाळीसगावहून पाटणादेवीला जाताना एका मळ्यावर आकाशदर्शनाची रात्र ठेवतात, जेवण धरून माणशी ६५०. डिसेंबरच्या अमावस्येला आम्ही जाऊन आलो, मी, बायको, मुलगी आणि अमळनेरचे मामा. मामा यायलाच तयार नव्हते, अमावस्येला कोणी घराबाहेर पडतं का म्हणे, पण कळण्याची भाकर आणि भरीत आहे म्हटल्यावर गपचूप गाडीत बसले.

जेवण एक नंबर. वांगी पऱ्हाटीवर भाजलेली, बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात. दुर्बिणीतून गुरू आणि त्याचे चार चंद्र दिसले, पण दुर्बीण एकच आणि माणसं चाळीस, त्यात जेवणाच्या मांडवाचा हॅलोजन चालूच, तीनदा सांगितल्यावर बंद केला. डोळे अंधाराला सरावले की परत कोणीतरी लावायचं.

खरी मजा शेवटच्या तासाला, तिकडे वर कोणी आहे का या विषयावर. सांगणाऱ्या पोराने हिरव्या लेझरने टाऊ सेटी दाखवला. बारीकसा तारा, बोट दाखवूनही मामांना सापडेना. १९६० मध्ये अमेरिकेत ग्रीन बँक गावच्या वेधशाळेत फ्रँक ड्रेक या शास्त्रज्ञाने २६ मीटरची रेडिओ डिश लावून हा आणि एप्सिलॉन एरिडानी असे दोनच तारे ऐकले, कोणी रेडिओवर बोलतंय का म्हणून. काहीच नाही आलं. टाऊ सेटी १२ प्रकाशवर्षं लांब, म्हणजे आज हाक मारली तर ओ यायला २४ वर्षं, आणि हा तर शेजारी!

मग एकाने विचारलंच, इतकी वर्षं काही सापडलं नाही तर कशाला पैसे घालायचे, अमेरिकेच्या संसदेनेही १९९३ मध्ये नासाचा असाच प्रोजेक्ट वर्षभरात बंद पाडला होता ना. पोरगा उत्तर जुळवत होता तोवर मामाच बोलले, ‘बोर कोरडा गया म्हनीसन गावमा पानीच नही का?’ त्यांचे स्वतःचे तीन बोर कोरडे गेलेत, चौथ्याला ३८० फुटावर पाणी लागलं. यावर कोणी काही बोललं नाही.

आपण स्वतःहून हाक मारावी का यावर मात्र जुंपली. पोरगा म्हणे स्टीफन हॉकिंग सांगायचे जपून राहा, समोरचा कसा असेल माहीत नाही. मामा म्हणे बिबट्याच्या रानात रात्री पाणी भरायला जातो तेव्हा आम्ही मोबाईलवर गाणी मोठ्याने लावतो, गुपचूप गेलं तर जास्त धोका. मला विचाराल तर ऐकायला माझी काही हरकत नाही, ओरडण्याआधी मात्र जरा विचार करा, बिबट्या कसा असतो ते आपल्याला माहितीये तरी.

लहान मुलांसाठी केलेलं काम सगळ्यात भारी. १९७४ मध्ये अरेसिबोच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवरून लांबच्या एका तारकागुच्छाकडे पाठवलेल्या संदेशात १६७९ शून्य-एक होते, तेवढ्या चौकटींचा कागद आणि स्केचपेन देतात. २३ चौकटींची एक ओळ अशा ७३ ओळी भरल्या की मधे माणूस उभा राहतो, उलट भरलं तर नुसता चिवडा. मुलीचा आधी चिवडाच झाला, मग रडून दुसरा कागद मागून घेतला. फक्त पोस्टरवर तो संदेश पोचायला २५ वर्षं लागतील असं छापलंय, २५ हजार हवं, हजार कुठे खाल्लं काय माहीत.

व्हॉयेजर या अंतराळयानाबरोबर पाठवलेल्या तबकडीवरचा १९७७ चा मराठी नमस्कारही ऐकवतात. पण ऐन त्या वेळी शेजारच्या मळ्यात वाढदिवसाचा डीजे सुरू झाला, ‘नमस्कार’ एवढं कळलं, पुढचं सगळं बेसमध्ये गेलं. व्हॉयेजरला निदान अंतराळात शांतता तरी मिळते.

५ पैकी ४ स्टार, एक हॅलोजनचा कापला. स्वेटर आणि ओडोमॉस न्या, बाथरूम एकच आहे, आणि दुर्बिणीच्या लाईनीत जेवणाआधीच नंबर लावा.