हॅरी पॉटर: सिनेमे बघून झालेत, आता पुस्तकं वाचायची का?

आठही सिनेमे बघून झालेत, शेवट माहितीये, स्नेपचं गुपित माहितीये, मग आता सात जाडजूड पुस्तकं कशाला वाचायची, असं मला कितीतरी जणांनी विचारलंय. माझं उत्तर 'वाचाच' असं आहे, पण प्रत्येकाने पहिल्या पानापासूनच सुरुवात करायला हवी असं नाही, आणि कुठल्या भागात सिनेमाने काय घालवलंय हे कळलं की ठरवणं सोपं जातं. सिनेमे बघितलेत असं धरूनच लिहितेय, त्यामुळे गोष्टीतलं सगळं येणार आहे.

आधी एक हिशोब बघा. दुसरं पुस्तक ब्रिटिश आवृत्तीत 251 पानांचं आहे आणि त्याचा सिनेमा 161 मिनिटांचा, म्हणजे आठांमधला सगळ्यात लांब. पाचवं पुस्तक 766 पानांचं, सगळ्यात जाड, आणि त्याचा सिनेमा 138 मिनिटांत उरकलाय. यातच बरंचसं आलं. पहिले दोन सिनेमे ख्रिस कोलंबसने जवळजवळ पानापानाला धरून केलेत, पीव्ज नावाचं खोडकर भूत सोडलं तर फारसं काही हातचं जात नाही, तेव्हा वेळ कमी असेल तर ही दोन पुस्तकं खुशाल सोडा.

तिसऱ्यापासून मात्र गोष्ट बदलते. अल्फॉन्सो क्वारोनचा 2004 चा हा सिनेमा दिसायला आठांमध्ये सगळ्यात देखणा आहे, वेळेत मागे नेणाऱ्या टाइम-टर्नरचा सगळा भाग तर इतका सुंदर जमलाय की मी तो अजूनही परत परत बघते, आणि नेमकं म्हणूनच जे गाळलं ते जास्त लागतं. जादूच्या नकाशावर मूनी, वर्मटेल, पॅडफूट, प्रॉन्ग्ज अशी चार नावं आहेत, ती कोणाची हे सिनेमा शेवटपर्यंत सांगतच नाही. ल्युपिन, पेटिग्रू, सिरियस आणि हॅरीचे बाबा जेम्स, या चार मित्रांनी तो नकाशा बनवलेला, आणि जेम्स सांबराचं रूप घ्यायचा म्हणून तो प्रॉन्ग्ज. आता तळ्याकाठचा प्रसंग आठवा. हॅरीच्या कांडीतून चांदीसारखं चमकणारं सांबर निघतं, पुस्तकात ते वळून त्याच्याकडे परत येतं, तो हात पुढे करतो आणि कुजबुजतो, 'प्रॉन्ग्ज'. ज्या बाबांची त्याला आठवणसुद्धा नाही ते त्या क्षणी त्याच्यासमोर उभे असतात. सिनेमात ते नुसतंच सांबर आहे. दोन वाक्यांचं काम होतं हो, ल्युपिनच्या तोंडी सहज बसलं असतं.

आणि याच सिनेमात रॉनवर जो अन्याय सुरू होतो तो पुढे थांबतच नाही. पुस्तकात त्याचा पाय मोडलेला असतो, तरी तो धडपडत उभा राहून सिरियसला सांगतो की हॅरीला मारायचं असेल तर आधी आम्हालाही मारावं लागेल. सिनेमात हे वाक्य हर्मायनीला दिलंय आणि रॉन बाजूला कण्हत पडलेला. वर्गात स्नेप हर्मायनीला शहाणपणा मिरवणारी म्हणतो तेव्हा पुस्तकातला रॉन भर वर्गात स्नेपला उलट बोलून शिक्षा ओढवून घेतो, सिनेमातला रॉन म्हणतो की त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त सिनेमे बघणाऱ्यांना हर्मायनीने रॉनमध्ये काय बघितलं हा प्रश्न पडतो, आणि त्यांचा काही दोष नाही, त्यांना खरा रॉन भेटलेलाच नाही.

चौथ्याबद्दल सगळे तेच बोलतात, हॅरीचं नाव चषकातून निघाल्यावर मुख्याध्यापक डम्बलडोर 'नाव तू टाकलंस का' म्हणत त्याच्या अंगावर धावून जातो, पुस्तकात हाच प्रश्न शांतपणे विचारलाय. मला खटकतं ते वेगळ्याच कारणाने. डम्बलडोरचा तो शांतपणा पुस्तकात जपून ठेवलाय, कारण अगदी शेवटी शिक्षक मूडीचं सोंग घेतलेला तोतया पकडला जातो तेव्हा डम्बलडोरच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदा गेलेलं दिसतं आणि व्होल्डेमॉर्ट याच माणसाला का घाबरतो ते हॅरीला तेव्हा उमगतं. सिनेमाने तो राग आधीच खर्चून टाकला.

पाचवं हा माझा हळवा भाग आहे. ख्रिसमसच्या सुट्टीत ही पोरं हॉस्पिटलमध्ये जातात आणि तिथे त्यांना आजीबरोबर आलेला नेव्हिल दिसतो. त्याचे आईबाबा छळामुळे भान हरपलेले, वर्षानुवर्षं तिथेच. आई नाइटगाऊनमध्ये चालत येते आणि त्याच्या हातात काहीतरी ठेवते, बबलगमचा रिकामा कागद. आजी म्हणते, टाक तो कचऱ्यात, इतके दिलेत तिने की खोलीच्या भिंती मढवून होतील. नेव्हिल निघतो आणि हॅरीला दिसतं की त्याने तो कागद गुपचूप खिशात घातला. हा प्रसंग सिनेमात नाही, नेव्हिल दोन वाक्यांत आईबाबांबद्दल सांगून मोकळा होतो. शेवटच्या भागात तो तलवार उचलतो तेव्हा टाळ्या सगळेच वाजवतात, पण पुस्तक वाचलेल्याच्या डोळ्यांपुढे तो कागद असतो.

दुसरं म्हणजे आरसा. सिरियस हॅरीला एक पुडकं देतो, गरज पडली तर वापर म्हणतो, आणि आपल्यामुळे सिरियस धोक्यात येऊ नये म्हणून हॅरी ते उघडतच नाही. सिरियस गेल्यावर ट्रंकेत ते सापडतं, आत आरसा, ज्यातून दोघांना थेट बोलता आलं असतं. म्हणजे त्या रात्री हॅरीने एकदा तो आरसा हातात घेतला असता तर सिरियस घरी सुखरूप आहे हे कळलं असतं आणि तो वाचला असता. हे वाचून मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ तशीच बसले होते. सिनेमांमध्ये आरशाचा तुकडा एकदम सातव्या भागात हॅरीच्या हातात दिसतो, कुठून आला, कोणी दिला, काही नाही.

सहाव्यात तर मुळावरच घाव घातलाय. व्होल्डेमॉर्टची आई मेरोपी, तिचं ते दरिद्री घर, तिने बहुधा प्रेमाचा काढा पाजून मिळवलेलं प्रेम, व्होल्डेमॉर्टने ज्यात आत्म्याचा तुकडा लपवला तो हफलपफचा पेला जिच्याकडून चोरला ती म्हातारी, या सगळ्या आठवणी वगळल्या आणि त्यातल्या दोनच ठेवल्या, अनाथाश्रमातली आणि स्लगहॉर्नची. त्याऐवजी वीजली कुटुंबाचं घर जाळण्याचा जो प्रसंग घातला तो पुस्तकात नाहीच. परिणाम असा की पुढच्या सिनेमात तो पेला आकाशातून पडल्यासारखा येतो. डम्बलडोर मारला जातो त्या मनोऱ्यावरही तेच, पुस्तकात डम्बलडोर हॅरीला अदृश्य झग्याखाली मंत्राने जखडून ठेवतो, तो सगळं बघतो आणि बोटही हलवू शकत नाही. सिनेमात तो खाली मोकळा उभा असतो आणि बघत राहतो. हॅरी असा उभा राहीलच कसा? शेवटी सगळे कांड्या उंचावून आकाशातली व्होल्डेमॉर्टची खूण पुसतात तो क्षण मात्र सिनेमाचा स्वतःचा आहे आणि सुरेख आहे.

सातव्याच्या बाबतीत मी सिनेमाला बरंच देते. तीन भावांच्या गोष्टीचं अ‍ॅनिमेशन, हर्मायनी आईबाबांच्या आठवणीतून स्वतःला पुसून टाकते ते (पुस्तकात ते नुसतं बोलण्यात येतं), आणि अ‍ॅलन रिकमनचा स्नेप, याला तोड नाही. पण शेवटचा सामना वाचायलाच हवा. सिनेमात दोघं ओसाड आवारात एकटे लढतात आणि व्होल्डेमॉर्टच्या चिंध्या होऊन हवेत उडतात. पुस्तकात भरलेल्या ग्रेट हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, हॅरी त्याला टॉम म्हणून हाक मारतो, त्याच्या हातातली बलाढ्य कांडी खरी कोणाची आहे ते समजावून सांगतो, पश्चात्ताप करायची एक संधीसुद्धा देतो, खिडकीतून पहिलं ऊन येतं आणि तो माणूस चारचौघांसारखा जमिनीवर कोसळतो. मरणाला घाबरून ज्याने हे सगळं केलं त्याचं प्रेत सगळ्यांना दिसणं गरजेचं होतं, ते हवेत उडवून चालणार नव्हतं. आणि त्या बलाढ्य कांडीने हॅरी आधी स्वतःची मोडलेली कांडी दुरुस्त करतो, सिनेमात ती बलाढ्य कांडी नुसतीच मोडून फेकून देतो.

तर ठरवताना असं बघा. एकच वाचणार असाल तर पाचवं घ्या, जाडी बघून घाबरू नका. दोन वाचणार असाल तर पाचवं आणि सहावं लागोपाठ. सवड असेल तर तिसऱ्यापासून सरळ शेवटपर्यंत, हीच माझी पहिली शिफारस. एचबीओची नवी मालिका येतेय तर तिच्यासाठीच थांबू का असंही काही जण विचारतात, थांबू नका, ती कशी निघेल ते निघेल, पुस्तक आज हातात आहे.

आणि सातवं उघडलंत की सुरुवातीची प्रकरणं घाईने वाचू नका. हॅरीच्या खोलीच्या दाराबाहेर थंड चहाचा कप ठेवलेला असतो, त्याचा पाय पडून तो फुटतो आणि त्याला वाटतं मावसभाऊ डडलीने मुद्दाम खोडी काढली. पुढे निरोप घेताना डडली अडखळत चार शब्द बोलतो, हात मिळवतो, आणि तेव्हा हॅरीला तो कप आठवतो. निरोपाचा प्रसंग सिनेमासाठी शूट झाला होता, पण शेवटी कापला.