गेम झोन की मळ्यातली मिसळ?

१६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ वयाच्या मुलांना कोरोनाची लस मिळू लागली. त्याहून लहानांना तेव्हा नव्हतीच. तरी रविवार उजाडला की घरात हट्ट सुरू: मॉलमधल्या गेम झोनला जायचं!

तिथे गाड्यांचे गेम, बास्केटबॉल आणि शेजारीच पिझ्झा. पोरं खूश, आईबाप निवांत. बटणं, स्टिअरिंग तेव्हा सॅनिटायझरने पुसत, ते बरंच. पण कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो, आणि बंद एसी हॉलमध्ये तीच हवा फिरत राहते. त्यात आरडाओरडा, धावपळ. खायला बसलं की मास्क उतरणारच. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तर २०२२ मध्ये मास्कची शिफारसच नव्हती.

नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला मोकळ्यावर मिसळ मिळते. झोपाळे, माती, वारा. मिसळ पोरांना तिखट लागते, त्यांना दही-पाव किंवा जिलेबी द्यायची. खेळ मात्र अर्ध्या तासात संपतात, हे खरं. आणि रविवारी अकरानंतर तिथेही जत्राच. टेबलाची वाट बघत खेटून उभं राहायचं असेल तर मोकळ्या हवेचा उपयोग काय? आठ-साडेआठला पोचायचं.

घरात आजी-आजोबा असतील तर मी मिसळच निवडेन. गेम झोनचा हट्ट सुटतच नसेल तर मंगळवारी दुपारी न्यावं, खेळू द्यावं, खाणं घरी येऊन.