आपोआप वाजणारं वाद्य: सर्वो, सोलेनॉइड की स्टेपर?

आर्डुइनोवर (मोटरी, दिवे वगैरे चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डावर) आपोआप वाजणारं वाद्य करायचं म्हटलं की लोक आधी कोड शोधतात, पण आधी ठरवायचं असतं ते ठोका कोण मारणार हे. समजा ॲल्युमिनिअमच्या पट्ट्यांचं आठ सुरांचं वाद्य करताय, सा ते वरचा सा.

एसजी ९० सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी छोटी मोटर) सगळ्यात सोपा, लायब्ररी तयार असते, तीन वायरी जोडल्या की हलायला लागतो. पण हलताना गिअर कुरकुरतात आणि हळुवार सुरांत ती कुरकुर चक्क ऐकू येते. शिवाय त्याला सिग्नल जातो दर २० मिलिसेकंदांनी, त्यामुळे ठोका थोडा मागेपुढे होतोच, संथ चालीत खपून जातं पण द्रुत लयीत लय लंगडते. आणि आठही सर्वो बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवर लावू नका, बोर्ड मधेच रिसेट होतो अन् आपण उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो.

माझं मत सोलेनॉइडला, म्हणजे वीज दिली की दांडी झटकन ओढणाऱ्या कॉइलला. ठोका खणखणीत, टायमिंग नेमकं. भानगड एवढीच की आर्डुइनोच्या पिनमधून २० मिलिअँपिअरच्या वर घेऊ नये आणि १२ व्होल्टचा सोलेनॉइड अर्धा-एक अँपिअर सहज ओढतो, म्हणून मध्ये लॉजिक लेव्हलचा मॉस्फेट (बोर्डाच्या ५ व्होल्ट सिग्नलवर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) हवा आणि कॉइलवर उलटा डायोड हवाच, साधा १एन४००७ चालतो, तो टाळलात तर मॉस्फेट उडाला म्हणून समजा. खरी मजा पल्समध्ये, म्हणजे कॉइलला किती वेळ वीज द्यायची त्यात आहे. पट्टीखालून वर मारणारी दांडी लावा, १० मिलिसेकंदांपासून सुरू करून थोडंथोडं वाढवत न्या, सूर भरत जातो, आणि एका क्षणी दांडी पट्टीला टेकूनच राहते, मग 'टण्ण'च्या जागी नुसतं 'टक्'. त्याच्या जरा अलीकडे थांबायचं. हळू-जोरात वाजवायची सोय यातूनच फुकट मिळते.

(देवळातल्या आरतीच्या नगारा-घंटा मशीनसारखं काही हवं असेल तर साधी डीसी मोटर पुरते, मायक्रोकंट्रोलर लागतच नाही, फक्त लय एकच.)

स्टेपरचं, म्हणजे एकेक ठरावीक पाऊल टाकत फिरणाऱ्या मोटरचं, गणितच वेगळं, तो ठोकायला नाही, गायला घ्यायचा. सेकंदाला ४४० स्टेप दिल्या की ४४० हर्ट्झचा सूर निघतो, फेरीला २०० स्टेपची नेमा १७ (स्टेपर मोटरचा एक प्रचलित आकार) तेव्हा सेकंदाला २.२ फेऱ्या मारत असते. मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे बारीक तुकडे करणं) बंद ठेवा नाहीतर आवाज बसतो, मोटर लाकडी खोक्यावर घट्ट आवळा. आवाज मात्र भुणभुणताच, भजन वाजवाल तर घरचे हसतील. पोलंडमधलं फ्लॉपोट्रॉन याच तत्त्वावर चालतं, त्यात जुन्या फ्लॉपी ड्राइव्हच्या मोटरी गातात. आर्डुइनो उनो बोर्डावर सूर काढायचं तयार टोन फंक्शन एकावेळी एकच सूर देतं, दुसरी मोटर लावलीत की टायमरचा कोड स्वतः लिहावा लागतो.

ठोकणारं काहीही घ्या, पट्टी नीट टांगली नाही तर सगळं वाया. भोकं दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर, म्हणजे २० सेंमीच्या पट्टीला साधारण साडेचार सेंमीवर. ही २० सेंमीची खालच्या सा ची धरली तर वरच्या सा ला तीच पट्टी १४.१ सेंमीची. कापताना थोडी लांबच ठेवा आणि टोकं घासत सूर चढवत न्या, जास्त चढलाच तर मधोमध खालून कानस मारली की उतरतो.