जैसलमेरच्या वाळवंटातला ट्रेक: पैसे भरण्याआधी हे वाचा

थंडीत जैसलमेरला वाळूतला ट्रेक आणि तंबूत मुक्काम अशी सहल कोणा खासगी आयोजकाकडून ठरवत असाल, तर कन्फर्म तिकीट हातात आलं म्हणून निर्धास्त राहू नका. आमची तिकिटं खरी होती. ती आम्हाला पाठवल्यावर आमच्या आयोजकाने मागच्या मागे रद्द केली.

माणूस बोगस वाटावा असा अजिबात नव्हता. दादरला हॉल घेऊन त्याने बैठक घेतली. ताई-दादा करत बोलणं, आणि माहिती एकदम चोख. चालायला सुरुवात जैसलमेरजवळच्या खुडी गावापासून, शेवट सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर. दुपारी ऊन चटका देतं, पण जानेवारीत रात्री हाडं गोठतात, तेव्हा कानटोपी आणि थर्मल हवंच. मग एका पहाटे जुहूला सराव ठेवला. ओल्या वाळूत नाही, भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत, पाठीवर भरलेली सॅक. पाऊल सपाट टाका, टाच रोवू नका, म्हणाला. बुटात वाळू गेली की घर्षणाने फोड येतात, म्हणून गायटर, म्हणजे बुटावरून घोट्यावर बांधायचं आवरण, कसे बांधायचे ते त्याने खाली बसून माझ्या जावेच्या पायाला बांधून दाखवलं. ती साठीची आहे, पहिल्यांदाच अशा सहलीला निघाली होती. तिला तो ‘काकू, तुमची जबाबदारी माझी’ म्हणाला होता. पैशांपेक्षा मला याच वाक्याचा जास्त संताप येतो.

माणशी २४,५०० रुपये घेतले, त्यात गाडीभाडं, कॅम्प, गाइड आणि वाळवंट राष्ट्रीय उद्यानाच्या परवान्याचं शुल्क. वर सामानाच्या किटचे ६,८०० वेगळे, ते घेणं सक्तीचं. यूपीआयने पैसे पाठवताना दोन वेळा दोन वेगळ्या माणसांची नावं आली. ‘एक भागीदाराचं खातं आहे’ हे त्याचं उत्तर. किट मात्र घरपोच आलं. स्लीपिंग बॅगवर ‘उणे ५ अंश’ असं लेबल होतं. जावेने ते नखाने उचकटलं तर खाली ‘१५ अंश’ छापलेलं. आत फायबर इतकं विरळ, की दिव्यासमोर धरल्यावर पलीकडचा उजेड दिसत होता.

तिथेच शंका आली आणि तिने बांद्रा टर्मिनस–जैसलमेर गाडीचा पीएनआर रेल्वेच्या साइटवर टाकला. सगळ्यांची तिकिटं रद्द. हे कसं होतं ते नीट समजून घ्या: तिकीट ज्याच्या आयडीवरून काढलं, तोच ते रद्द करतो. परतावा त्याने ज्या खात्यातून पैसे भरले तिथेच जातो आणि मेसेज बुकिंगच्या वेळी दिलेल्या मोबाइलवर, म्हणजे त्याच्याच फोनवर. आपल्याकडच्या पीडीएफवर शेवटपर्यंत ‘कन्फर्म’च लिहिलेलं राहतं.

खुडीच्या कॅम्पवाल्यांना आम्ही थेट फोन लावला. त्यांच्याकडे आमच्या नावाने काहीच नव्हतं. पावतीवरचा जीएसटी क्रमांक ०८ ने सुरू होत होता. ०८ म्हणजे राजस्थान, महाराष्ट्राचा २७. जीएसटीच्या पोर्टलवर शोधल्यावर तो भलत्याच धंद्याचा निघाला. आयोजकाने आधी ‘तांत्रिक अडचण आहे, नवीन तिकिटं येतील’ सांगितलं, मग फोनच बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवली. यूटीआर, म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, तारीख आणि रक्कम तयार ठेवा, तिथे तेच विचारतात. शेवटचा हप्ता अजून खात्यात पडून होता, तेवढा गोठवला गेला. आधीचे पैसे केव्हाच पुढे सरकले होते. तक्रारीला उशीर केला असता तर तोही हप्ता गेला असता, एवढं नक्की. पोलीस ठाण्यात ‘हा आपसातला व्यवहार आहे’ म्हणून परत पाठवू लागले, तर पोर्टलचा पोचक्रमांक दाखवा आणि लेखी तक्रार देऊन त्याची पोच मागा. आम्हालाही दुसऱ्यांदा जावं लागलं.

आता वेगळ्या नावाने अक्सा बीचवर असाच सराव सुरू झाल्याचं आमच्या गटातल्या एकीला कळलंय. तिकडे कोणी पैसे भरले असतील, तर आजच पीएनआर टाकून बघा, रेल्वेच्या १३९ वर फोन करूनही कळतं. आणि गाडी सुटेपर्यंत रोज बघत राहा. आमची तिकिटं पहिल्या आठवड्यात तपासली तेव्हा कन्फर्मच दाखवत होती.