सीजीसी कॉमिक ग्रेडिंग: छापताना गडबडलेली कॉमिक्स पाठवावीत का?

रिव्ह्यू फक्त एका गोष्टीचा करतेय, छपाईत चूक झालेली कॉमिक्स ग्रेडिंगला देण्यात अर्थ आहे का. साध्या नेहमीच्या कॉमिक्सचं ग्रेडिंग यावर बोलणारे हजार लोक आहेत, त्यात मी भर घालत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. सीजीसी ही अमेरिकेत फ्लोरिडातल्या सारासोटाची कंपनी, २००० सालापासून हेच काम करतेय. तुम्ही कॉमिक पाठवायचं, ते पानं मोजणार, कुठे रंग भरलाय का, कड कापून सरळ केलीय का हे बघणार, ०.५ ते १० मध्ये ग्रेड देणार आणि कडक पारदर्शक प्लास्टिकमध्ये सील करून परत पाठवणार. त्या डब्याला सगळे स्लॅब म्हणतात. वरचं लेबल निळं असेल तर सगळं सरळ, जांभळं म्हणजे रिस्टोरेशन झालंय (नंतर कुणीतरी डागडुजी केलीय), पिवळं म्हणजे त्यांच्या माणसासमोर सही घेतलीय, आणि हिरवं म्हणजे क्वालिफाइड, म्हणजे पुस्तक छान आहे पण एक मोठा 'पण' आहे. मी न्यू जर्सीला राहते त्यामुळे न्यूयॉर्क कॉमिक कॉनला त्यांच्या काउंटरवरच हातात देऊन आले, तिथला माणूस शांतपणे फॉर्म तपासून घेत होता, त्या गर्दीत हे खूप झालं.

आता मुद्दा. आपण कलेक्टर लोक छपाईची चूक दिसली की नाचतो, आणि ग्रेडर त्याच चुकीकडे दोष म्हणून बघतो. हे त्यांच्या व्याख्येतच आहे. १०.० म्हणजे हाताळण्याचा किंवा कारखान्यातला कुठलाच दोष नाही, ९.९ ला कारखान्यातला एखादा अगदी बारीक दोष चालतो, ९.८ ला दोन्ही प्रकारचे नगण्य दोष चालतात. म्हणजे कव्हर तिरकं गुंडाळलं गेलंय आणि मणक्याला, म्हणजे पिना मारलेल्या घडीला, मागच्या कव्हरची पांढरी पट्टी पुढे आलीय, असलं काही 'दुर्मिळ एरर' म्हणून पाठवाल तर हातात येईल निळं लेबल आणि एक आकडा, बस. त्या चुकीची किंमत काय हे ते सांगत नाहीत, ते त्यांचं कामच नाही. पण कलेक्टरांच्या ग्रुपवर लोक असं बोलतात जसं काही स्लॅबमध्ये गेलं की चूक सोन्याची होते, त्यामुळे हे सांगावंसं वाटलं.

कामाची गोष्ट कुठे आहे तर लेबलवरच्या एका ओळीत. उदाहरण घ्या, ऑल स्टार बॅटमॅन अँड रॉबिनचा १० नंबर, २००८ चा. त्यात शिव्या लिहून वर काळे पट्टे मारायचे असा प्लॅन होता, पण अक्षरांचा काळा आणि पट्ट्याचा काळा वेगवेगळा छापला गेला आणि खालच्या शिव्या आरामात वाचता येत होत्या. प्रकाशक डीसीने दुकानदारांना प्रती नष्ट करायला सांगितलं, तोवर काही बाहेर पडल्याच, मग दुरुस्त प्रत निघाली. आता ती चूक आतल्या पानांवर आहे, ती डोळ्यांनी बघायची तर आत उघडून पान बघावं लागतं. आणि स्लॅब उघडला की ग्रेडिंग गेलं! म्हणजे ज्या चुकीसाठी तुम्ही पैसे मोजताय ती चूक डबा फोडल्याशिवाय तुम्हाला परत बघायलाच मिळणार नाही, तुम्ही फक्त लेबलवर रिकॉल्ड (परत मागवलेला अंक) लिहिलंय त्यावर विश्वास ठेवायचा. १९९८ च्या वुल्वरीन १३१ चंही तेच, आतल्या मजकुरात 'किलर' ऐवजी ज्यू लोकांना दिली जाणारी शिवी छापली गेली आणि मार्व्हलने अंक परत मागवला. विकायचं असेल तर ती लेबलवरची ओळ पाहिजेच, अनोळखी माणूस फोटोवर कशाला विश्वास ठेवेल. स्वतःसाठी ठेवायचं असेल तर मला हा प्रकार जरा वेडेपणाचाच वाटतो.

उलट ज्या चुका बाहेरून दिसतात किंवा मोजता येतात तिथे मात्र मजा आहे. डबल कव्हर म्हणजे बाइंडिंगच्या वेळी एकाच पुस्तकाला दोन कव्हरं लागली, त्यात बाहेरचं कव्हर सगळा मार खातं आणि आतलं कोरं राहतं, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अंकात असं निघालं तर लॉटरीच, आणि लेबलवर डबल कव्हर अशी नोंद येते. पिन जास्तीची किंवा कमी लागली असेल तर तेही लिहितात की हे कारखान्यातूनच असं आलंय, म्हणजे नंतर कुणी पिन काढलीय का हा संशय मिटतो. ही बारकी ओळ मला पूर्ण सर्व्हिसमध्ये सगळ्यात जास्त आवडते, कारण असं खात्रीने सांगायला हजारो पुस्तकं हाताखालून गेलेली असावी लागतात.

आणि बऱ्याच गोष्टी लोक एरर समजतात त्या एरर नसतातच. १९७७ चा स्टार वॉर्सचा पहिला अंक, साधा ३० सेंटचा, काही थोड्या ठिकाणी ३५ सेंट छापून किंमत वाढवली तर चालेल का बघितलं होतं. ती चूक नाही, मुद्दाम केलेली चाचणी होती, आणि ती प्रत प्रचंड महाग जाते. पण ३५ सेंटची रिप्रिंटसुद्धा आहेत, त्यामुळे ३५ आकडा दिसला की घरात पेढे वाटू नका, किंमतीची चौकट आणि बारकोड बघा. इथे ग्रेडिंगचे पैसे वसूल होतात असं माझं मत.

पानं मोजण्यावरून आठवलं, हल्क १८१, १९७४ चा, वुल्वरीनचं पहिलं पूर्ण दर्शन. आत एक मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प होता, म्हणजे कापून जमवायचं छोटं छापील चित्र, पोरांनी कात्रीने कापून चिकटवहीत लावला. कव्हर एकदम झकास आणि आत भोक. असली प्रत हिरव्या लेबलला जाते नाहीतर ग्रेड धाडकन खाली येते. जुनं कॉमिक स्लॅबशिवाय घेताना आधी ते पान उघडायला लावा, विकणारा उघडायला कां कूं करायला लागला की निघा.

पैशाचं सांगायचं तर १९७५ पासूनच्या साध्या अंकाला तीस डॉलरच्या आसपास, वर हँडलिंग, वर येण्याजाण्याचं शिपिंग, वर इन्शुरन्स. महागड्या पुस्तकाला फी किमतीच्या टक्क्यात जाते. प्रेसिंग हवं असेल तर ते वेगळं, म्हणजे उष्णता आणि दाबाने दबलेली जागा सपाट करतात. आता हे नीट वाचा, छपाईच्या आधीच कागदाला घडी पडली असेल तर ती उघडल्यावर आत पांढरी न छापलेली पट्टी निघते, तिथे शाई पोचलेलीच नसते, प्रेसिंगने ती काही भरून निघणार नाही, वर घडी उलगडून ओंगळ दिसेल. त्या जागेला हात लावू नका म्हणून सांगा.

किती दिवस लागतात हे साइटवर देतात तो अंदाज असतो आणि कामाच्या दिवसांत असतो, घाई असलेल्यांनी नाद सोडा. माझा एक स्लॅब परत येताना कुरियरवाल्यांनी कोपरा फोडला, कोणाचं कुरियर ते नाही सांगत, पण डबा बदलायला परत फी आहे हे लक्षात ठेवा. सेकंडहँड स्लॅब घेताय तर सर्टिफिकेशन नंबर साइटवर टाकून बघाच. २०२३ च्या शेवटी डबे उघडून आतलं पुस्तक बदलल्याची प्रकरणं बाहेर आली आणि कंपनीला नंबरांची यादी जाहीर करावी लागली, तेव्हापासून नुसतं लेबल बघून मी पैसे देत नाही, डब्याच्या कडा भिंगाखाली बघते.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: इंद्रजालचे वेताळचे मराठी अंक पाठवू का असा प्रश्न दर आठवड्याला येतो. परदेशी कॉमिक्सही ते घेतात, पण जायचा यायचा खर्च आणि कस्टमची कटकट धरून हिशोब करा. आणि रंग सरकलेत म्हणून एरर समजू नका, त्या छपाईत रंग सरकणं ही रोजची गोष्ट होती, वेताळाच्या चड्डीचे पट्टे मांडीवर उतरलेले अंक माझ्याकडेही आहेत. ते मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पिशवीत, मागे अॅसिड-फ्री बोर्ड घालून ठेवा आणि वाचा.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कापला तो आतली चूक कायमची लपते म्हणून, एक कापला तो एकूण खर्चासाठी. पाठवणार असाल तर फॉर्ममध्ये चूक काय आहे, कितव्या पानावर आहे हे स्पष्ट लिहा, आणि डब्यात जाण्याआधी त्या पानाचे चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा, विकताना तेच दाखवावे लागतात.