कुडाळातलं दातांचं क्लिनिक: कॅपच्या आधी स्क्रूचा कोन बघणारं

बाबांची खालची दाढ काढून बरीच वर्षं झाली होती, आता इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून त्यावर दाताची कॅप) करूया ठरलं तर जो तो एकच सांगायला लागला, झिरकोनियाची (पांढरं, कडक मटेरियल) कॅप घ्या, हाडावर लोड येत नाही. आधी जिथे दाखवलं (नाव नाही घेत) तिथे तर साधा ओपीजी (अख्ख्या जबड्याचा सपाट एक्स-रे) बघून रेट कार्डच हातात दिलं, कॅपचे प्रकार आणि किमती, बस्स. या क्लिनिकात डॉक्टर मॅडमनी कॅपचा विषयच काढला नाही, पहिलं सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) करून या म्हणाल्या.

मग तो स्कॅन स्क्रीनवर फिरवून फिरवून दाखवला. खालच्या दाढेखाली हाड जिभेच्या बाजूने आत खोलगट असतं, तळाला नस जाते, तिच्यापासून २ मिमी तरी लांब राहावं लागतं, त्यामुळे कधीकधी स्क्रू तिरका घालायची पाळी येते. वर अँगलवालं अबटमेंट (स्क्रू आणि कॅप यांच्यामधला जोडतुकडा) लावून दात सरळ दिसतो, १५, २५ अंशांची तयारच मिळतात. पण चावताना जोर आडवा पडतो आणि ताण सगळा स्क्रूच्या मानेपाशी, वरच्या कडक हाडावर येतो. खाडीत रोवलेला वासा शेंड्याला धरून हलवला की तो कुठे ढिला होतो बघा, तसंच. त्यात खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक गादी असते, इम्प्लांटला तीही नाही.

मी विचारलं, ऑल ऑन फोरमध्ये (चार स्क्रूंवर एका जबड्याचे सगळे दात) मागचे दोन तर ४५ अंशांपर्यंत तिरके असतात, ते कसं चालतं? म्हणाल्या ते चारही वरून एकत्र बांधलेले असतात, शिवाय तिरके घातल्याने मागे अधांतरी राहणारा भाग कमी होतो, एकट्या दाढेला असला आधार कुठला. बाबांना त्यांनी थोडा आखूड पण सरळ स्क्रू बसवला.

आता कॅप. झिरकोनियाचा ताठपणा २०० गिगापास्कलच्या आसपास, टायटॅनियमचा ११०, कडक हाडाचा जेमतेम १४-१५. म्हणजे झिरकोनिया मऊ नाहीच. तशी मऊ कॅप धक्का पिते हेही ऐकायला झकास वाटतं, पण कॉम्प्युटर मॉडेलवर एका दाढेची कॅप बदलून बघितली तर हाडावरच्या ताणात फारसा फरक पडत नाही म्हणे, कोन बदलला की मात्र पडतो. कॅपच्या मटेरियलने फरक पडतो तो कॅपला स्वतःला आणि ती धरून ठेवणाऱ्या आतल्या बारीक स्क्रूला. हे सगळं ऐकून आमच्या बाबांचा प्रश्न काय, "मगे कुर्लेचे डेंगे फोडूक गावतले मां?" (खेकड्याच्या नांग्या फोडता येतील ना?) मॅडम म्हणाल्या, काका, डेंग्यांसाठीच झिरकोनिया घ्या, दुसऱ्या कॅपवर सिरॅमिकचा थर असतो त्याचा टवका उडतो. म्हणजे शेवटी घेतली तीच कॅप, पण हाडाच्या नावाने कुणी विकली नाही. वरचे उंचवटे चपटे ठेवले, निळा कागद चावायला देऊन परत परत घासलं, बाजूचा जोर नको म्हणून. बाबा कंटाळले, मला तेच सगळ्यात आवडलं.

एक स्टार कापला कारण सीबीसीटीसाठी बाहेर पाठवतात, जिना उभा आहे आणि अपॉइंटमेंटच्या वेळेला काही अर्थ नाही. खर्च मात्र आधी कागदावर लिहून देतात, इम्प्लांटची कंपनी आणि साइज लिहिलेलं कार्डही मिळतं, ते मागून घ्याच. आणि चतुर्थीच्या तोंडावर जाऊ नका, मुंबईवाले गावाला आले की दात पण इथेच करून जातात, बसायला खुर्ची मिळत नाही.